जिथं अडतं तिथं थांबायचं : अष्टांगाचा घरचा अभ्यास

मी रोज पहाटे अष्टांग करते हे शाळेत कुणाला कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे यम, नियम, आसन, प्राणायाम… ते का, बाई?" प्रश्न रास्तच आहे. अष्टांग योग म्हटलं की मराठी माणसाला पतंजलींची आठ अंगं आठवतात. साष्टांग नमस्कारातलं अष्टांग आपण लहानपणी देवासमोर आडवं पडूनच शिकलेलो असतो. मी लिहिणार आहे ते तिसऱ्या अष्टांगाबद्दल. म्हैसूरच्या के. पट्टाभि जोइस यांनी शिकवलेली ही अष्टांग विन्यास पद्धत. आसनांचा क्रम ठरलेला, प्रत्येक हालचालीला एक श्वास, आणि दोन आसनांच्या मधल्या वाटेलाही आसनाइतकंच महत्त्व.

जोइस १९१५ साली जन्मले. योगगुरू टी. कृष्णमाचार्यांकडे ते शिकले आणि १९४८ मध्ये म्हैसूरला त्यांनी स्वतःची संस्था काढली. कृष्णमाचार्यांचेच दुसरे शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि पुण्याचेच झाले. त्यामुळे दोरी, पट्टे, खुर्च्या घेऊन एकेका आसनात बराच वेळ थांबणारा योग आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, आणि म्हैसूरचा हा वाहता प्रकार त्या मानाने कमी. दोघांचं मूळ एकच, हे लक्षात असू द्या. एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला नावं ठेवण्यात वेळ घालवू नका.

मी सांगलीत माध्यमिक शाळेत गणित शिकवते. २०१३ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, फळ्यासमोर उभं राहून राहून कंबर धरायला लागली तेव्हा सुरुवात केली. पुढे एका मे महिन्याच्या सुट्टीत म्हैसूरला गोकुळम भागात महिनाभर राहून शिकले. बाकी सगळा अभ्यास घरी, गावभागातल्या जुन्या घराच्या मधल्या खोलीत, शहाबादी फरशीवर. वर्गाची सोय नसलेल्या गावात हे कसं शिकायचं, आणि शिकल्यावर कसं टिकवायचं, एवढंच सांगणार आहे.

आधी माणूस, मग मोबाईल

व्हिडिओ बघून सुरुवात करू नका. आयुष्यभर वर्गाला जा असं म्हणत नाही, पण पहिले पंधरा दिवस तरी जाणत्या माणसाच्या डोळ्यांखाली करा. चतुरंगात, म्हणजे कोपरं वाकवून अंग जमिनीला समांतर धरतात त्या आसनात, खांदे कोपरांच्या खाली गेलेत हे तुम्हाला स्वतःला दिसत नाही, आणि आरशात बघायला मान वळवलीत की तेवढ्यात दुसरंच काही बिघडतं. जवळ शिक्षक नसेल तर सुट्टी काढून जिथं असेल तिथं जा. लग्नकार्याला आपण चार दिवस काढतोच की.

शिक्षक निवडताना एकच गोष्ट तपासा : "नको" म्हटलं तर तो थांबतो का? या पद्धतीत शिक्षक हाताने आसन दुरुस्त करतात. पट्टाभि जोइस २००९ मध्ये गेले. त्यानंतर त्यांच्या अनेक विद्यार्थिनींनी पुढे येऊन सांगितलं की दुरुस्तीच्या नावाखाली जोइस यांनी त्यांना नको तसा स्पर्श केला होता. त्यांचे नातू आणि वारसदार शरथ जोइस यांनी २०१९ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. ही पद्धत मला जिवापाड प्रिय आहे, म्हणूनच हे झाकून ठेवणं मला पटत नाही. मुली, सुना, विद्यार्थिनी, कुणीही माझ्याकडे विचारायला आल्या की हे मी पहिल्याच दिवशी सांगते. हात लावण्याआधी विचारणारा शिक्षक तो चांगला शिक्षक.

रक्तदाब, काचबिंदू, मणक्याची चकती सरकलेली, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण, यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शीर्षासन आणि सर्वांगासनाचं नाव घेऊन विचारा. नुसतं "योगा करू का" म्हटलं तर डॉक्टर हो म्हणून मोकळे होतात.

जागा, वेळ, पोट

मॅट लागतेच, पण घाम आला की ती निसटते. म्हैसूरला मॅटवर सुती सतरंजी टाकतात. मीही तेच करते, आणि पावसाळ्यात फरशीला ओल धरते तेव्हा खाली आणखी एक जाड चादर घालते. जागा सहा फूट बाय अडीच फूट, आणि हात बाजूला पसरले की कपाटाला लागणार नाहीत एवढी. पंखा बंद. अंग तापायला हवं.

पोट रिकामं हवं. मी पावणेपाचला उठते आणि तोंड धुऊन घोटभर कोमट पाणी पिते, बस. रात्री नऊनंतर पिठलं-भाकरी झाली असेल तर सकाळी अंग पिळायच्या मरीच्यासनात ती आठवण करून देतेच. म्हणून आमच्याकडे आता रात्रीचं जेवण साडेसातला होतं. सासूबाईंना सुरुवातीला जड गेलं. आता सातलाच पानं घ्या म्हणून त्याच हाक मारतात.

मॅट रात्रीच अंथरून ठेवा. छोटी गोष्ट आहे, पण पहाटेच्या अंधारात "आज करू का नको" हा विचार मॅट उलगडतानाच येतो. ती उलगडलेली असली की पाय आपोआप तिच्यावर पडतात.

पहिला नमस्कार

महाराष्ट्रात सूर्यनमस्कार कुणाला शिकवावा लागत नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी तो गावोगाव नेला, रथसप्तमीला शाळांच्या पटांगणावर आपण तो अंकांवर घातला. नेमकी तिथंच अडचण होते. जुनी सवय घेऊन आपण मॅटवर येतो. आपल्या नमस्कारात एक पाय मागे जातो, मग दुसरा, आणि गुडघे, छाती, कपाळ जमिनीला टेकतं. म्हैसूरच्या नमस्कारात दोन्ही पाय एकदम मागे जातात आणि छाती जमिनीला लागत नाही. मला ही सवय मोडायला दोन महिने लागले. दोन्ही चांगले आहेत, फक्त एकात दुसरा मिसळू नका.

मोजणी संस्कृतात असते, आणि गणिताची बाई म्हणून माझा जीव तिच्यावर आहे. नमस्काराचा पहिला प्रकार 'ए', त्याचे नऊ विन्यास, म्हणजे श्वासाला बांधलेल्या नऊ हालचाली. समस्थितीत उभे राहा. एकम् : श्वास घेत हात वर, नजर अंगठ्यांवर. द्वे : श्वास सोडत खाली वाका. त्रीणि : श्वास घेत फक्त डोकं आणि छाती वर, पाठ सरळ. चत्वारि : सोडत मागे उडी, चतुरंग. पञ्च : घेत छाती पुढे आणि वर, ऊर्ध्वमुख श्वानासन. षट् : सोडत कंबर मागे, अधोमुख श्वानासन, इथं पाच श्वास. सप्त : घेत पाय हातांजवळ, डोकं वर. अष्टौ : सोडत वाका. नव : घेत उभे राहा, हात वर. सोडत समस्थिती.

आता यातलं चत्वारि नीट बघू, कारण खांदे दुखावतात ते इथंच. कोपरं अंगाला चिकटलेली, काटकोनात, आणि खांदा कोपराच्या पातळीवर आला की थांबायचं. त्याखाली जायचं नाही. ताकद नसेल तर गुडघे टेका. मी पहिलं वर्षभर टेकले. उडीही मारू नका, चालत मागे जा. दिवसाला दहा-पंधरा चतुरंग होतात. एक चुकीचा केला तर काही होत नाही, महिन्याला चारशे चुकीचे केले तर खांदा बोलायला लागतो.

श्वास नाकानेच घ्यायचा आणि नाकानेच सोडायचा. चष्म्याची काच पुसताना आपण तिच्यावर "हा" करून वाफ सोडतो ना, तोच घसा ठेवून तोंड मिटा. बारीक आवाज येईल, शेजारच्या खोलीत ऐकू जायला नको. हा आवाज म्हणजे तुमचा घरचा शिक्षक. तो तुटला, फुगला, घाईला आला की समजा, अंगाला झेपेल त्याच्या पुढे गेलात. मूलबंध आणि उड्डियान बंध (ओटीपोटाकडचे स्नायू आत धरण्याच्या दोन क्रिया) यांचं गूढ करू नका. ओटीपोट बेंबीखाली हलकंसं आत धरून ठेवणं एवढ्यावर पहिली दोन वर्षं खुशाल काढा. नजरही ठरलेली असते : नाकाचं टोक, बेंबी, अंगठा, पायाची बोटं. घड्याळ त्यात नाही.

किती करायचं

पहिला महिना : पाच नमस्कार 'ए', तीन नमस्कार 'बी' (त्याचे सतरा विन्यास असतात, उत्कटासन आणि वीरभद्रासन त्यात येतात), मग मांडी घालून पंचवीस सावकाश श्वास, मग शवासन. पंचवीस मिनिटांत आटपतं. एवढंच? हो, एवढंच. आरंभशूर माणसाला हे फार थोडं वाटतं. तो पहिल्याच आठवड्यात तासभर करतो आणि तिसऱ्या आठवड्यात मॅट गुंडाळून कपाटावर ठेवतो. मी अशा कितीतरी मॅट पाहिल्यात.

मग उभ्याची आसनं एकेक जोडायची. पादांगुष्ठासन, पादहस्तासन, त्रिकोणासन, पार्श्वकोनासन, प्रसारित पादोत्तानासन आणि पुढची. क्रम बदलायचा नाही. आवडतं ते आधी आणि नावडतं नंतर, असं केलं की ही पद्धतच राहत नाही. उभ्याची सगळी बसली की दंडासन, पश्चिमोत्तानासन करत बसून करायची आसनं. या पहिल्या मालिकेला योगचिकित्सा म्हणतात. पुरी केली तर दीड तास लागतो. ती पुरी झालीच पाहिजे असं मुळीच नाही.

इथं या पद्धतीतला सगळ्यात उपयोगाचा नियम येतो. ज्या आसनाला अडाल, तिथं त्या दिवशीचं पुढे जाणं थांबवायचं. तिथून सरळ ऊर्ध्व धनुरासन, मग सर्वांगासनापासूनची शेवटची आसनं, आणि शवासन. अडलेलं आसन ओलांडून पुढचं सोपं करायचं नाही. म्हैसूरला मी हे डोळ्यांनी पाहिलं. पहाटे एकाच खोलीत पाच-सहा देशांची माणसं, प्रत्येकाचा आपापला वेग, कुणी नमस्कारावर, कुणी शेवटाला, शिक्षक मधून फिरतायत. आवाज फक्त श्वासांचा. शेजारचा माणूस पाय मानेमागे टाकतोय आणि मी जानुशीर्षासनावर थांबवली गेले. "आज इथपर्यंत," शिक्षक हळूच म्हणाले. मला रडू आलं होतं. बाहेर कोपऱ्यावर शहाळंवाल्याकडे सगळे जमतात, तिथं एक बाई म्हणाल्या, त्या तीन वर्षं त्याच आसनावर होत्या. पाणी पीत पीत, अगदी सहज.

घरी "आज इथपर्यंत" म्हणायला कुणी नसतं, म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला. शेवटचं आसन दोन्ही बाजूंनी, पाच शांत श्वास, महिनाभर जमलं तरच पुढचं जोडायचं. एखादा दिवस छान जमलं म्हणून नव्हे. माझा थांबा मरीच्यासन 'डी'. एक पाय पद्मात, दुसरा गुडघा उभा, त्याच्याभोवती वळून पाठीमागे हात बांधायचे. डाव्या बाजूला बोटं बोटांना लागतात, उजव्या बाजूला चार बोटांचं अंतर राहतं. तिथं मी छोटा टॉवेल धरते, पाच श्वास घेते आणि मागे फिरते. चौथं वर्ष आहे. गेल्या दिवाळीत अंतर पाच बोटांचं होतं.

गुडघा

हे स्वतंत्र लिहायलाच हवं. एका मोठ्या शहरातल्या शिबिरात अर्धबद्ध पद्म पश्चिमोत्तानासनात माझा उजवा पाय मांडीवर होता, आणि शिकवणाऱ्याने पाठीवर वजन टाकून मला खाली दाबलं. गुडघ्याच्या आतल्या बाजूला सुपारी फुटावी तसा आवाज झाला. आठ महिने मला जमिनीवर मांडी घालता आली नाही. गौरीच्या जेवणाला मी खुर्चीवर बसले.

त्यातून शिकले ते असं. पद्मासन गुडघ्याचं नाही, खुब्याचं आसन आहे. गुडघा बिजागरीसारखा उघडतो-मिटतो, पिळला जायला तो बनलेला नाही. आधी टाच कुल्ह्याकडे नेऊन गुडघा पुरता मिटा. मग सगळी मांडी खुब्यातून बाहेर फिरवा. मग मिटलेल्या अवस्थेतच पाय उचलून टाच बेंबीच्या रोखाने आणा. पाऊल ओढून वर चढवू नका. आतल्या बाजूला बारीकशी कळ आली तरी तिथंच सोडा आणि तळवा दुसऱ्या मांडीला लावून जानुशीर्षासनासारखं करा. मांडीचा स्नायू ताणला जातो तो ताण सोसायचा असतो. सांध्यात आत टोचतं ते सोसायचं नसतं. असंच मांडीच्या मागे, बैठकीच्या हाडापाशी ओढ बसून दुखू लागलं तर पुढे वाकताना गुडघे वाकवा, आणि महिने-दोन महिने तसेच ठेवा. तो स्नायू घाई केली की जास्त रुसतो.

आठवडा आणि कालनिर्णय

आठवड्यातून सहा दिवस, शनिवारी सुट्टी, अमावास्या-पौर्णिमेला सुट्टी. बायकांना पाळीचे पहिले तीन दिवस सुट्टी. ही म्हैसूरची रीत. जानेवारीत नवं कालनिर्णय आलं की मी आधी अमावास्या-पौर्णिमांना लाल गोल करते. मग लग्नाच्या तारखा वगैरे. शनिवारी जोइस एरंडेल तेल लावून न्हायला सांगत. आपल्याला अभ्यंग नवा नाही, फक्त आपण तो दिवाळीपुरता ठेवलाय. एरंडेल चिकट असतं, शिकेकाईने दोनदा धुवावं लागतं, आणि त्या दिवशी न्हाणीघराची फरशी निसरडी होते, तेवढं घरच्यांना सांगून ठेवा.

नोकरी-घर सांभाळून सहा दिवस पूर्ण अभ्यास होत नाही. तिमाही परीक्षेचे पेपर तपासायला आले की माझे पाच नमस्कार 'ए' आणि शवासन, बारा मिनिटं. तो दिवस मी वहीत पूर्ण दिवस म्हणूनच लिहिते. वहीत तारीख, कुठपर्यंत गेले, आणि श्वास कसा होता, एवढ्या तीनच गोष्टी असतात. वजन नाही, मिनिटं नाहीत. पतंजलींनी अभ्यासाला दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने अशा तीन अटी घातल्यात, त्यात "जास्त" हा शब्द कुठेच नाही. मुलांना मी पाढेही असेच करायला लावते. रोज एक, पण रोज.

खंड मात्र पडतोच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, गावभागात घराघरांत पाणी शिरलं. आम्ही विश्रामबागला नणंदेकडे होतो, एका खोलीत नऊ माणसं. मॅट घरी पाण्याखाली. तिथं गॅलरीत, ओल्या चटईवर, मी रोज तीन नमस्कार घातले. हौस म्हणून नव्हे. बाकी काहीच आपल्या हातात नव्हतं, श्वास तेवढा होता. नणंदेची सासू दारात बसून मोठ्याने मोजायची : एक, दोन, तीन. पाणी ओसरल्यावर महिनाभर घरातला गाळ उपसण्यात गेला, आणि मग अभ्यास पुरता सुटला तो दसऱ्यापर्यंत.

परत सुरू करताना लोक चूक करतात ती अशी, की सोडलं होतं तिथूनच पुढे धरतात. नका करू. महिनाभर खंड पडला असेल तर पहिला आठवडा फक्त नमस्कार, दुसरा आठवडा उभ्याची आसनं, मग बसून. ताप येऊन गेला असेल तर ताप उतरल्यावर आणखी दोन दिवस थांबा. आणि सोमवारची वाट बघू नका, एक तारखेचीही नको. उद्याच करा.

पाचसहा महिन्यांतून एकदा तरी कुणा जाणत्याला अभ्यास दाखवा. मी वर्षातून दोनदा पुण्याला जाते. घरी करताना चुका मुरतात, लोणच्यासारख्या, आणि आपल्याला त्यांची चवही लागत नाही. कधीतरी अंकांवरचा वर्ग करा, जिथं सगळे एकाच मोजणीवर चालतात. घरी आपण आवडत्या आसनात सात श्वास आणि नावडत्यात तीन श्वास घेत असतो, हे तिथं कळतं.

शवासन

घाईत पहिला बळी याचाच जातो. सहा वाजलेत, दूधवाला आलाय, डबा व्हायचाय. तरी झोपा. घाम अंगावर तसाच ठेवून, अंगावर जुनी सुती साडी ओढून घ्या, कारण अंग थंड पडतं. डोळे मिटा. किमान सात मिनिटं, जमलं तर दहा. माझ्या मुलाला लहानपणी सांगून ठेवलं होतं, आईने साडी पांघरली की कुकरची शिट्टी झाली तरी हाक मारायची नाही, गॅस बंद करायचा. अजून तो तेच करतो.

उठताना सरळ बसू नका. गुडघे वाकवा, उजव्या कुशीवर वळा, दोन श्वास तिथंच राहा, मग हाताचा आधार घेऊन उठा. सतरंजी उन्हात टाका. आंघोळ अर्ध्या तासाने, चहा त्यानंतर.